गिरणगावातली बाळगोळी

सप्टेंबर 1922च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये, म्हणजे मुंबई सरकारच्या कामगारविषयक मासिकात, डॉ. बार्न्स या बाईंचा अहवाल छापून आला. 1919 साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला होता आणि आपल्याकडच्या गिरण्यांत काय चाललंय याची चौकशी करणं हिंदुस्थान सरकारला भाग पडलं होतं. बंगालमध्ये ते काम डॉ. डॅगमार कर्जेल यांच्याकडे गेलं, मुंबईत डॉ. बार्न्स यांच्याकडे. बार्न्स यांच्या अहवालातलं एक विधान पुढे अनेकांनी उद्धृत केलं: गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. हा आकडा घरोघरच्या शिरगणतीतून आलेला नसेल असं धरलं, तरी त्याचा अर्थ बदलत नाही. परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींत मुलाला अफू देणं ही कुणा एखादीची चूक नव्हती, तो रोजचा रिवाज होता. आज अफू, मॉर्फीन, हेरॉइन यांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंविषयी जगभर बोललं जातं, तेव्हा डोळ्यांसमोर सुई टोचून घेणारा तरुण येतो. आपल्या शहरात या विषाने जाणारे जीव एके काळी पाळण्यात होते. त्या काळाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुराव्यानिशी म्हणता येते. अफूचं मरण घरात येतं आणि फार थोड्या वेळात येतं. त्यामुळे ते टाळण्याचं आणि परतवण्याचं साधन घरातल्या माणसाच्या हाती नसेल, तर बाहेरचे उपदेश आणि कायदे त्याच्यापुढे अपुरे पडतात.

बाळगोळी म्हणजे अफूचा अंश असलेली मोहरीएवढी-मिरीएवढी काळपट गोळी. ती दुधात किंवा पाण्यात उगाळून बोटाने चाटवायची. मूल काही महिन्यांचं झालं की सुरुवात व्हायची आणि दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत ती चालू राहायची. पोट बिघडलं, दात येताना किरकिर झाली, खोकला लागला, तरी हीच गोळी. ती उपयोगी पडे हेही खरं, कारण अफूने जुलाब थांबतात आणि खोकला दबतो. पण गिरणगावात तिचं मुख्य काम वेगळं होतं. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका कामाला होत्या, 1920च्या दशकात गिरणीकामगारांमध्ये त्यांचं प्रमाण साधारण पाचवा हिस्सा होतं. कायद्याने त्यांच्या कामाचा दिवस 11 तासांपर्यंत असू शकत होता. तान्हं मूल एका खोलीच्या बिऱ्हाडात म्हातारीजवळ, शेजारणीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या मोठ्या बहिणीजवळ राहायचं. दूध पाजणारी आई दिवसभर घरी नाही, वरचं दूध महाग आणि बहुधा पाणी घातलेलं. भुकेलं मूल रडणार, आणि अफूने भूकही मरते, झोपही लागते. आईने सकाळी निघताना गोळी चाटवली की मूल दुपारपर्यंत निपचित पडे, आणि बहुतेक दिवस ते संध्याकाळी पुन्हा डोळे उघडे.

ज्या दिवशी ते उघडत नसे त्या दिवशी काय झालेलं असे, हे आता शरीरशास्त्राला नीट माहीत आहे. अफूतलं मॉर्फीन मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतं. श्वास खोल यायचा तो उथळ होतो, मग दोन श्वासांमधलं अंतर वाढतं, ओठ आणि नखं निळसर होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. तान्ह्या मुलाचं यकृत मॉर्फीनचा निचरा फार सावकाश करतं, त्यामुळे कालची मात्रा अंगात असतानाच आजची पडते. गोळीत अफू किती हे कुणी तोलून पाहिलेलं नसे. सवय झालेल्या मुलाला तीच मात्रा पुरेनाशी झाली की आई ती थोडी वाढवे, आणि मूल तापाने किंवा जुलाबाने आधीच खचलेलं असलं की कालपर्यंत सोसलेली मात्राही आज जड जाई. झोपलेलं मूल आणि श्वास बंद होत चाललेलं मूल यांतला फरक सात वर्षांच्या बहिणीला कळण्याची अपेक्षा कुणी करावी? 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 666 अर्भकं वर्षाच्या आत दगावली. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात, म्हणून जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत होई. तेवढ्याने हा आकडा फुगलेला आहे. त्यातले किती मृत्यू अफूचे, हे कुठल्याही रजिस्टरातून निघत नाही. भुकेने आणि अफूने मिळून पोखरलेलं मूल ‘अशक्तपणा’च्या रकान्यात सहज जाऊन बसे.

या सगळ्याचं ठरलेलं स्पष्टीकरण तेव्हा एकच होतं: अडाणी आया. इंग्रज अधिकारी ते म्हणत, सुशिक्षित देशी सुधारकही म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं, कारण गोळी किती घातक आहे हे अनेकींना ठाऊक नव्हतं. पण हे स्पष्टीकरण दोन ठिकाणी तोकडं पडतं. पहिलं असं, की ती अफू विकत कोण होतं? सरकार. अफूची लागवड, कारखाने आणि परवान्याची दुकानं सरकारी नियंत्रणाखाली होती आणि तिचा महसूल अबकारी खात्यात जमा होत होता. 1893 ते 1895 या काळात लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन ऑन ओपियम बसलं. हिंदुस्थानी माणूस अफू बेताने खातो, ती त्याचं घरगुती औषध आहे, बंदीची गरज नाही, असा त्याचा एकूण निष्कर्ष होता. पुढे राष्ट्रसंघाने औषधी गरज म्हणून दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे 6 शेर अफू पुरेशी मानली. सी. एफ. अँड्र्यूज यांनी 1926 साली ब्रिटिशांच्या अफू धोरणावर पुस्तक लिहिलं, त्या सुमाराचे याच हिशेबाचे खपाचे आकडे मुंबईत 43 शेर, अहमदाबादेत 42 आणि सोलापुरात 35 असे होते. ही तिन्ही कापडगिरण्यांची शहरं आहेत. हा सगळा खप मुलांचा नव्हता, मोठी माणसंही अंगदुखीवर आणि थकव्यावर अफू खात. पण ज्या सरकारने प्रत्येक नाक्यावर विष ठेवलं त्याच सरकारने आईला अडाणी म्हणावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं, अडाणीपणाच कारण असेल तर विलायतेतल्या आयांचं काय? मँचेस्टर, नॉटिंगहॅमच्या गिरणीकामगार बायका एकोणिसाव्या शतकात आपल्या मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजत, आणि त्यात काकवी, पाणी, मसाला आणि अफू असे. तिथल्या आया निराळ्या धर्माच्या, निराळ्या भाषेच्या, निराळ्या चालीरीतींच्या होत्या. दोन्हीकडे सारखं होतं ते एवढंच: लांबलचक पाळी, बिनपगारी बाळंतपण, मूल सांभाळायला कुणी नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त अफू. रिवाज त्या चौकटीतून येतो, समजुती त्याला नंतर चिकटतात. 1868च्या फार्मसी ॲक्टने तिथे अफूवर ‘विष’ अशी चिठ्ठी लावणं सक्तीचं केलं आणि मुलांचे अफूचे मृत्यू त्यानंतर घटलेही. म्हणजे विक्रीवर बंधन घालण्याचा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण त्याच कायद्यातून पेटंट औषधं सुटली होती, आणि गिरणीवाल्या बाईला चिठ्ठी वाचून झाल्यावरही मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरतच होता.

बाधा झाल्यावर उपाय काय होता, याची माहिती मुंबईत कमी नव्हती. आयझिडोर लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि मुंबई सरकारचे केमिकल ॲनालायझर होते. न्यायवैद्यकावरचा त्यांचा ग्रंथ इथल्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी वापरला. त्या काळच्या उपचारांत नळीने जठर धुणं, कडक कॉफी पाजणं, गार पाण्याचे हबके, रोग्याला धरून चालवत राहणं, झोपू न देणं आणि श्वास बंद पडला तर हाताने कृत्रिम श्वास देणं या गोष्टी येतात. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं होतं, कारण अफूने माणूस मरतो तो श्वास थांबल्यामुळे. औषध उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर तो वाचतो. ही विद्या इस्पितळात होती आणि मूल गिरणगावातल्या डिलाईल रोडच्या खोलीत. कुणी मुलाला घेऊन धावलंच तर पुढे दुसरी भीती उभी असे. विषप्रयोगाचा संशय आला की पोलीस येतात, पंचनामा होतो. आईला किंवा तिच्या सासूला ‘काय पाजलं?’ असं दरडावून विचारलं जाणार हे ठाऊक असताना किती घरांनी दार लोटून घेतलं असेल, हे कुठे नोंदलेलं नाही. पण आजच्या काळात हेरॉइनच्या बाधेत साथीदार पोलिसांच्या भीतीने फोन करत नाहीत हे नोंदलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी भीतीचा परिणाम निराळा होत असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग बाळगोळी गेली कशाने? तिच्याविरुद्ध झालेल्या कामांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वरवर अफूशी संबंध नसलेलं काम. कामगारनेते ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मातृत्व लाभाचं विधेयक आणलं आणि ते फेटाळलं गेलं. 1928 साली मुंबई विधिमंडळात आसवले या सदस्यांनी तसंच विधेयक मांडलं. जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि बाईच्या श्रमाचा नफा मालक घेतो म्हणून या खर्चाचा वाटा त्यानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली कायदा झाला, हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931च्या अहवालात जास्त बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघरांचा आग्रह धरला, 1934च्या फॅक्टरी ॲक्टने त्याला वाट दिली आणि 1948च्या कायद्याच्या कलम 48ने पन्नासहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पाळणाघरात मूल आईपासून हाकेच्या अंतरावर असतं. तिला मध्ये येऊन दूध पाजता येतं, आणि जागी असलेली एक मोठी बाई मुलाकडे पाहत असते. अतिमात्रा टाळणं आणि वेळेत ओळखणं ही दोन्ही कामं तिथे एकदमच होतात.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. सुरुवातीची पाळणाघरं ओस पडत. दृष्ट लागेल, साथ लागेल, कुणाच्या हातचं पाणी पाजतील, अशा शंका होत्या, शिवाय पहाटे मुलाला उचलून गिरणीपर्यंत नेणं सोपं नव्हतं. दुसरीकडे बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो म्हणून मालकांनी बायकांना कमी केलं, आणि काही दशकांत त्यांचं प्रमाण दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेलं. तेव्हा बाळगोळी संपली ती पाळणाघरामुळे, की आयाच गिरणीतून गेल्यामुळे? शिवाय 1949च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत, म्हणजे 1959पर्यंत, औषधाखेरीजची अफू पूर्ण बंद करायचं ठरवलं आणि दुकानांतला पुरवठा उत्तरोत्तर आटत गेला. माझं उत्तर असं, की ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि त्यांचे वाटे आज वेगळे काढता येत नाहीत. पण त्यांची किंमत सारखी नव्हती. कामावरून काढल्याने बाईची मजुरी गेली. पुरवठा आटल्याने मुलाला अफू मिळेनाशी झाली, पण त्याला सांभाळणारं माणूस त्यातून मिळालं नाही. पाळणाघराने आणि भत्त्याने मात्र तिची रोजीही राहिली आणि मूलही. कुठला उपाय चालला, एवढंच इतिहासाला विचारून भागत नाही. तो कुणाच्या जिवावर चालला, हेही विचारलं पाहिजे.

झालेली अतिमात्रा परतवण्याची बाजू मात्र त्या काळी कुणाच्याच हाती देता आली नाही, कारण घरी वापरता येईल असं उतारऔषधच नव्हतं. ते 1960च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन यांनी बनवलं: नालॉक्सोन. मॉर्फीन मेंदूतल्या ज्या जागा धरून बसतं तिथून हे औषध त्याला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. अफूच्या जातीचं काही अंगात नसेल तर ते काहीच करत नाही, म्हणून चुकून दिलं तरी धोका नाही. 1971 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण पुढची पंचवीस वर्षं ते इस्पितळात आणि रुग्णवाहिकेतच राहिलं. 1996 साली शिकागो रिकव्हरी अलायन्स या संस्थेचे एक संस्थापक जॉन झायलर हेरॉइनच्या अतिमात्रेने गेले. त्यानंतर डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नालॉक्सोनच्या कुप्या थेट हेरॉइन घेणाऱ्यांना, त्यांच्या मित्रांना आणि घरच्यांना द्यायला सुरुवात केली. द्यायच्या आधी ते शिकवत: हाक मारा, हलवा, तोंडाने श्वास द्या, मांडीत इंजेक्शन टोचा, कुशीवर वळवा, सोडून जाऊ नका. 2006 साली त्यांनी हिशेब मांडला तेव्हा साडेतीन हजारांवर कुप्या वाटून झाल्या होत्या आणि 319 माणसं परत आल्याच्या खबरा त्यांच्याकडे आल्या होत्या. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे हेरॉइनचे मृत्यू 1996 ते 2000 या काळात चौपट झाले होते. 2001 साली ते वीस टक्क्यांनी घटले आणि पुढची दोन वर्षं दहा-दहा टक्क्यांनी.

आक्षेप लगेच आले, आणि ते गिरणगावातल्या ‘अडाणी आया’ या आरोपाचेच भाऊबंद होते. उतारा हाताशी असेल तर हे लोक आणखी बेफिकीर होतील. मरता मरता वाचण्याचा धक्का बसला तर सुधारतील. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या गव्हर्नरांनी 2016 साली नालॉक्सोन सुलभ करणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, तेव्हा हे औषध जीव वाचवत नाही, फक्त पुढच्या अतिमात्रेपर्यंत लांबवतं, अशा अर्थाचं कारण दिलं. 2018 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीच्या आधाराने म्हटलं, की औषध सुलभ करणाऱ्या कायद्यांनी एकूण मृत्यू घटले नाहीत. त्यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यांनी मोजला तो कायदा झाल्याचा दिवस, कुपी हाती पडल्याचा दिवस नव्हे, आणि त्याच वर्षांत हेरॉइनमध्ये त्याहून कितीतरी जहाल असं फेंटानिल मिसळायला लागल्याने सगळा हिशेबच बदलला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या 19 गावा-शहरांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्यक्ष किती माणसांना शिकवलं ते मोजलं होतं. जिथे थोड्यांना शिकवलं तिथे मृत्यूदर 27 टक्क्यांनी कमी आढळला, जिथे जास्त जणांना शिकवलं तिथे 46 टक्क्यांनी. आणि बेफिकिरीचा तर्क औषधाच्या परिणामाशीही जुळत नाही. नालॉक्सोनने नशा एका झटक्यात उतरते, ओकाऱ्या होतात, अंग तुटतं. तो अनुभव कुणी हौसेने ओढवून घेत नाही. मेलेला माणूस सुधारू शकत नाही, एवढा साधा मुद्दाही कुणीतरी मांडावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे हे सगळं दूरचं नाही. 1980च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली, लोकांनी तिला गर्द म्हटलं, अनिल अवचटांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि 1986 साली त्यांनी व पत्नी सुनंदाताईंनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख लोक आढळले. महाराष्ट्राची चर्चा तेव्हापासून व्यसन सोडवण्याभोवती राहिली आणि ते काम मोठंच आहे. पण व्यसन सुटलेल्या माणसाचा धोका नेमका सुटल्यानंतर वाढतो. काही आठवडे नशा बंद असली की शरीराची सोसण्याची ताकद उतरते, आणि पाय घसरला तर माणूस जुनीच मात्रा घेतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत घातक असतात, आणि त्या वेळी त्याच्याजवळ असते ती आई, बायको किंवा भाऊ. मणिपूर-नागालँडमधल्या स्वयंसेवी संस्थांनी नालॉक्सोन वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली, अतिमात्रा पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते अशा सगळ्यांना ते मिळावं, अशी शिफारस केली. भारतात ते आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्याच्या गोळ्यांच्या पिशवीत दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज आणि घरच्या माणसाला दिलेली अर्ध्या तासाची शिकवणी, एवढी सोय करायला नवा शोध लागत नाही.

त्यावर डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप रास्त आहे. नालॉक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटं टिकतो, आधीची नशा त्याहून लांबली तर माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून इस्पितळ टाळता येत नाही. मान्य. पण इस्पितळापर्यंत पोचायला 108ला फोन करावा लागतो, आणि तो करणारा अनेकदा शेजारी बसून तीच नशा केलेला मित्र असतो. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27खाली हेरॉइनच्या सेवनाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम 64अ उपचार मागणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देतं, दुसऱ्यासाठी मदत मागणाऱ्याला देत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने 2007 साली अशा फोनला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 134अने तसं संरक्षण मिळालं आहे. तेच संरक्षण कलम 27च्या शेजारी लिहिता येईल.